आठ लाखांत गिअर टाकायची मजा देणारी गाडी कशी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं वाकडला, नोकरी हिंजवडीत, गाव चिपळूण. रोजचं जाणं-येणं वीस-बावीस किलोमीटर, आणि महिन्यातून एक-दोनदा ताम्हिणी किंवा कुंभार्लीमार्गे घरी. हातात सगळं मिळून ८ लाख, कर्ज काढायचं नाही. गाडी मॅन्युअलच हवी, चालवताना मजा यायला हवी आणि आई-वडील मागे बसले तर त्यांचे हाल होऊ नयेत. नवी घ्यावी की जुनी, टर्बो (जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं) की साधं इंजिन, आणि या पैशांत जास्तीत जास्त बीएचपी, म्हणजे इंजिनाची ताकद, कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

पुण्यात गॅरेज चालवताना अशा गाड्या घेणारे, विकणारे आणि घेऊन पस्तावलेले असे तिन्ही प्रकारचे लोक मी रोज पाहतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीएचपीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो डोक्यात बसला की पुढची सगळी निवड चुकत जाते. ताम्हिणीत आपण खरोखर काय करतो? वळण दिसतं, चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, वळणात चाळीसच्या आसपास वेग, बाहेर पडताना पुन्हा तिसरा, आणि साठ-सत्तरला पोहोचेपर्यंत पुढचं वळण समोर. यात कामाला येतात ते टायरची पकड, ब्रेकवरचा भरवसा, स्टिअरिंगचा नेमकेपणा, क्लच कुठे उचलतो याचा पायाला असलेला अंदाज, आणि दुसरा-तिसरा गिअर. ८३ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच) स्विफ्ट इथे चार-पाच हजार आरपीएमवर खेळत राहते आणि तुम्ही तिच्या ताकदीचा बहुतेक हिस्सा वापरता. १४५ पीएसची गाडी त्याच वळणांवर अर्ध्या अॅक्सिलरेटरवर फिरते. एक्स्प्रेसवेवर तर मर्यादाच १०० किलोमीटरची आहे आणि कॅमेरे बसलेले आहेत. त्यामुळे कागदावरची ताकद विकत घेणं म्हणजे बऱ्याचदा कधीच न वापरायच्या गोष्टीवर पैसे घालणं.

याहून वाईट असं, की कमी बजेटात जास्त बीएचपी शोधणाऱ्याच्या पदरात बहुधा थकलेली गाडी पडते. जोरकस गाडी स्वस्तात मिळते तेव्हा तिचा क्लच, टर्बो, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबर) किंवा गिअरबॉक्स यांपैकी काहीतरी संपत आलेलं असतं. पहिल्या मालकाने मजा घेतलेली असते आणि बिल तुमच्यासाठी ठेवलेलं असतं.

म्हणून माझं सगळं उत्तर एका हिशेबावर उभं आहे: ८ लाखांपैकी गाडीवर जास्तीत जास्त पावणेसात लाख घाला, सव्वा लाख बाजूला ठेवा. गाडी ठरवताना "या किमतीनंतर माझ्याकडे सव्वा लाख उरतात का?" हा पहिला प्रश्न. उरत नसतील तर ती गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्या. हे पैसे ट्रान्सफर, विमा, चार चांगले टायर, ब्रेकचं पूर्ण काम, सगळी ऑइल्स, सस्पेन्शनचे बुश आणि गरज पडल्यास क्लच यांसाठी आहेत. सेकंड हँड गाडीला मजा यायला लागते ती हे काम झाल्यावर. नवे टायर आणि नीट ब्रेक असलेली साधी हॅचबॅक ही गुळगुळीत टायरांवरच्या टर्बो गाडीपेक्षा घाटात जास्त वेगवान असते आणि कितीतरी जास्त सुरक्षित.

नव्या गाडीचं आधी सांगून टाकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे छोट्या गाड्या खऱ्या अर्थाने स्वस्त झाल्या. तरी महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स आहे, त्यावर विमा. ८ लाख ऑन-रोडमध्ये नव्या स्विफ्टचं मधलं मॉडेल बसतं. पण २०२४ पासूनच्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचं जुनं इंजिन गेलं आणि तीन सिलिंडरचं १.२ लिटरचं आलं. मायलेजला ते उत्तम आहे, शहरात खालच्या आरपीएमला चांगलं ओढतं, पण वर खेचत नेण्यातली गोडी कमी झाली. फ्रॉन्क्सची १.० लिटर टर्बो मॅन्युअल (१०० पीएस) चांगली गाडी आहे, पण नवी घेतली तर तुमचं बजेट ओलांडते. वॉरंटीची मनःशांती हवी असेल तर नवी स्विफ्ट घ्या, त्यात चूक काहीच नाही. मात्र तुम्ही जे मागताय ते या पैशांत वापरलेल्या गाड्यांमध्ये जास्त चांगलं मिळतं.

आता नावं.

फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय. आपल्या चाकणमध्येच बनलेली. २०२० ते २०२२ या काळातली, ११० पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाची ओढ) आणि सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. दार बंद केल्याचा आवाज, सरळ रस्त्यावरचं स्थैर्य आणि हायवेवरचा ठामपणा यांत या किमतीला तिची बरोबरी करणारी गाडी विरळाच. अठराशे आरपीएमच्या खाली मात्र ती झोपलेली असते, त्यामुळे हिंजवडीच्या रांगेत सारखा पहिला-दुसरा करावा लागतो. मागची सीट अरुंद आहे. आई-वडिलांसाठी चिपळूणपर्यंतचा प्रवास त्यात सुखाचा नाही. एक इशारा: जाहिरातीत "पोलो जीटी टीएसआय" दिसली की उडी मारू नका. २०१३ पासूनची १.२ लिटरची जीटी टीएसआय ही फक्त डीएसजी ऑटोमॅटिक होती, आणि नंतरची १.० ची जीटीही ऑटोमॅटिकच. मॅन्युअल हवी असेल तर १.० टीएसआयची हायलाइन प्लस शोधा. डिझेलची जीटी टीडीआय मॅन्युअल होती, ती गोष्ट वेगळी.

याच इंजिनाची आणि सहा गिअरची स्कोडा रॅपिड १.० टीएसआय २०२० मध्ये आली. चालवायला पोलोइतकीच गोड, मागे जागा जास्त, डिकी भरपूर. सेडान आहे म्हणून तरुण मुलं तिच्याकडे पाहत नाहीत, म्हणून सौदा करायला वाव मिळतो. तुमच्यासारख्या घरच्यांना घेऊन जाणाऱ्याने पोलोच्या आधी ही पाहावी. फक्त स्वच्छ रॅपिड ही पावणेसातच्या कडेलाच घुटमळते.

ग्रँड आय१० निऑस टर्बो ही माझ्या मते या बजेटातली सगळ्यात दुर्लक्षित गाडी. २०२० मध्ये आली, १.० लिटर टर्बो, १०० पीएस, १७२ न्यूटन-मीटर, पाच गिअर. ह्युंदाईने हे इंजिन व्हेन्यूसारख्या जड गाडीतही दिलं, निऑसमध्ये ते हलक्या अंगाला मिळालं. टॉर्क पंधराशे आरपीएमपासूनच येतो, त्यामुळे चढावर तिसऱ्या गिअरमध्ये नुसता पाय दाबला तरी गाडी निघते. क्लच हलका, मागे आई-वडील नीट बसतात, सर्व्हिस गल्लोगल्ली. उणीवही सांगतो: स्टिअरिंग हलकं आणि थोडं मुकं आहे, वळणात गाडी पोलोपेक्षा जास्त झुकते. चांगले टायर आणि नेमकं अलाइनमेंट यांनी यातलं बरंच सुधारतं, सगळं नाही.

मारुतीची बलेनो आरएस मार्च २०१७ मध्ये आली. १.० लिटर बूस्टरजेट, १०२ पीएस, वजन साधारण ९५० किलो आणि मागेही डिस्क ब्रेक. आकड्यांनी झकास आहे. पण संख्येने कमी विकली गेली, म्हणून निवड करायला गाड्या कमी मिळतात, आणि आरएसचे वेगळे भाग मागवावे लागतात. चांगली हाती लागली तर घ्या, तिच्यासाठी सहा महिने थांबू नका.

२०१८ ते २०२३ च्या स्विफ्टबद्दल लोक "ती तर टॅक्सीवाली" म्हणून नाक मुरडतात. माझं मत उलटं आहे. वजन साधारण ८७० किलो, चार सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन, ८३ पीएस, आणि २०२१ नंतर ९० पीएस. गिअर लिव्हर छोट्या टप्प्यात आणि खटकन बसतो. टर्बो नसल्यामुळे पाय जितका दाबाल तितकंच आणि त्याच क्षणी मिळतं. ज्याला मॅन्युअल गाडी नीट चालवायला शिकायचं आहे, त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे. ही गाडी दुरुस्तही कुठेही होते, संगमेश्वरच्या वाटेवरही आणि पाटणलाही. तीन-चार हजार आरपीएमच्या खाली ती ढिली वाटते, चढावर गिअर खाली आणावेच लागतात. पण गिअर टाकायची हौस आहे म्हणूनच तर आपण मॅन्युअल घेतोय.

टाटाची अल्ट्रोज आयटर्बो (११० पीएस, पाच गिअर) मजबूत आणि हायवेला शांत, पण इंजिन खेळकर नाही. २०२४ ची अल्ट्रोज रेसर (१२० पीएस, सहा गिअर) बरीच पुढची, तुमच्या बजेटात मात्र ओढाताण करूनच बसेल आणि मग सव्वा लाख उरणार नाहीत. २०१८ ची टियागो जेटीपी (११४ पीएस) वेड लावणारी होती, पण थोड्याच बनल्या आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या बहुधा जोरात हाणलेल्या आहेत.

फोर्ड फिगो १.५ डिझेल, १०० पीएस आणि २१५ न्यूटन-मीटर. स्टिअरिंगच्या बाबतीत या यादीत सगळ्यात बोलकी गाडी हीच. कुंभार्ली चढताना ती जशी ओढते तसं इथलं कुठलंच पेट्रोल इंजिन ओढत नाही. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, त्यामुळे किंमत पडली आणि ती तुमच्या फायद्याची आहे. सर्व्हिस मिळते, नेहमीचे पार्ट मिळतात, पण ठोकली गेली तर बॉडी पॅनेलसाठी थांबावं लागतं. रोजचं बावीस किलोमीटर ट्रॅफिक हे मात्र डिझेलचं काम नाही.

आणि अबार्थ. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण जास्तीत जास्त बीएचपी कुठे मिळेल असं विचारलंत, तिथेच ती मनात आहे हे कळलं. फियाटची पुंटो अबार्थ ऑक्टोबर २०१५ मध्ये ९.९५ लाखांना आली, रांजणगावच्या कारखान्यातून. १.४ लिटर टी-जेट, १४५ पीएस, २१२ न्यूटन-मीटर, चारही चाकांना डिस्क. तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरतो तेव्हा जे होतं ते भारतात त्या पैशांत दुसऱ्या कुणी दिलं नाही. मला ती गाडी मनापासून आवडते. पण फियाट इथून गेली, टी-जेटचे बरेच भाग ओळखीपाळखीने मिळवावे लागतात, क्लच जड आहे, आणि पार्टसाठी ती तीन आठवडे उभी राहिली तर तुम्ही हिंजवडीला रिक्षाने जाणार. दुसरी गाडी घरात असेल तर अबार्थ घ्या. एकमेव गाडी म्हणून घेऊ नका.

जाहिराती वाचताना आणखी एक सापळा. ह्युंदाई आय२० एन लाइन २०२१ ते सप्टेंबर २०२३ पर्यंत आयएमटी किंवा डीसीटीमध्येच (डीसीटी म्हणजे ऑटोमॅटिक) मिळायची. आयएमटीला गिअर लिव्हर असतो, क्लच पेडल नसतं. विकणारे ती बिनदिक्कत "मॅन्युअल" म्हणून टाकतात. खरा सहा गिअरचा मॅन्युअल त्यानंतर आला, आणि त्या गाड्या अजून महाग आहेत. फोटोत पायाखालची तीन पेडल दिसल्याशिवाय गाडी बघायला जाऊ नका.

आता गाडी तपासणं, कारण खरा पैसा इथे वाचतो.

मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून ती थंड आहे ना बघा. गरम केलेली गाडी गिअरबॉक्सचे दोष लपवते. थंड गाडी सुरू करा, धूर पाहा. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय, टर्बो गाडी असेल तर तिथूनच परत फिरा. मग पहिल्या दोन किलोमीटरमध्ये, गिअरबॉक्स गार असतानाच, ही परीक्षा घ्या: तिसऱ्या गिअरमध्ये पस्तीस-चाळीसच्या वेगाला क्लच पूर्ण दाबा आणि लिव्हर सावकाश दुसऱ्यात न्या. लिव्हर हाताला थोडा विरोध करून लोण्यासारखा आत गेला तर सिंक्रो (गिअर न अडखळता बसवणारी कडी) ठीक आहे. करकर झाली, किंवा लिव्हर दारात अडल्यासारखा थांबून मग धक्क्याने गेला, तर दुसऱ्या गिअरचा सिंक्रो झिजतोय. हाच सगळ्यात आधी झिजतो, आणि जोरात चालवलेल्या गाडीचा इतिहास तोच सांगतो. पुढे तिसऱ्यात असताना अॅक्सिलरेटर एकदम दाबा आणि एकदम सोडा. लिव्हर जाग्यावर उसळत असेल तर इंजिन माउंट गेलेत. गिअर आपोआप सुटला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल.

क्लचसाठी कात्रजच्या जुन्या घाटासारखा चढ गाठा. चौथ्या गिअरमध्ये चाळीसला असताना पाय पूर्ण दाबा. सुई वर पळाली आणि वेग तसा वाढला नाही, तर क्लच घसरतोय. टर्बो गाडीत ही परीक्षा तिसऱ्या-चौथ्या दोन्ही गिअरमध्ये, टॉर्क भरतो त्या दोन-अडीच हजारांवर करा, कारण कमकुवत क्लच तिथेच हात टेकतो. पेडल अगदी वर येऊन उचलत असेल तर प्लेट संपत आलीय. पेडल दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर थांबते, तर रिलीज बेअरिंग. इथे किलोमीटरच्या आकड्याला भुलू नका. चाळीस हजार किलोमीटर नुसत्या हिंजवडीच्या रांगेत हाफ क्लचवर चाललेली गाडी ही ऐंशी हजार हायवे चाललेल्या गाडीपेक्षा जास्त झिजलेली असते. मालक कुठे राहतो आणि कुठे कामाला जातो, हे गप्पा मारत विचारा. स्विफ्टचा क्लच बदलणं हा किरकोळ खर्च आहे. टर्बो डिझेलमध्ये मात्र पुष्कळदा ड्युअल-मास फ्लायव्हील असतो आणि तो गेला की बिल क्लचच्या अनेक पट होतं.

स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. सत्तरला हात सैल सोडून गाडी ओढते का पाहा, मग नेटाने ब्रेक दाबा. पेडल थरथरलं तर डिस्क वाकलेल्या आहेत. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर त्या मालकाने बाकी ठिकाणीही असंच भागवलंय असं धरून चाला. मग पाचशे-हजार रुपये देऊन कुठल्यातरी गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवा. खालून लोअर आर्मचे बुश, ऑइलची गळती, आणि कोकणातली गाडी असेल तर गंज, हे दहा मिनिटांत दिसतं. लिफ्टला नकार देणाऱ्या मालकाशी पुढे बोलायचं कारण नाही.

टर्बो गाडीचं सर्व्हिस रेकॉर्ड हे गाडीइतकंच महत्त्वाचं. योग्य ग्रेडचं ऑइल वेळेवर बदललं गेलंय का, एवढंच पाहायचं. एका वर्षाचीही नोंद मधेच गायब असेल तर किंमत पाडा किंवा सोडा. "स्टेज वन केलीय", म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून (रिमॅप करून) ताकद वाढवलीय, असं अभिमानाने सांगणाऱ्याकडून तर घेऊच नका. रिमॅपने टॉर्क वाढतो, क्लच आणि गिअरबॉक्स तेच राहतात. वॉरंटी जाते, विमा कंपनीला कळवलेलं नसेल तर दाव्याच्या वेळी अडचण येते. गाडीत मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे मोठे एक्झॉस्ट आणि फार रुंद टायर लावलेल्या गाड्याही टाळा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर. चलानं बाकी आहेत का ते ऑनलाइन बघा. दिल्लीच्या स्वस्त गाड्यांचा मोह होईल, विशेषतः डिझेलच्या, कारण तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत. पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर आणि त्यातले खेटे धरले तर वाचलेले पैसे बहुतेक संपतात. एमएच पासिंगच घ्या.

विम्यात एक गोष्ट छोट्या टर्बो गाड्यांच्या बाजूने आहे. थर्ड पार्टीचा हप्ता ताकदीवर ठरत नाही, सीसीवर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. निऑस टर्बो, पोलो टीएसआय, रॅपिड, बलेनो आरएस या सगळ्या हजाराच्या आत आहेत. जुनी फिएस्टा १.६ एस घ्यायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर ती सगळ्यात वरच्या गटात जाते, शिवाय १५ वर्षं ओलांडल्यामुळे पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर वेगळा. पेट्रोलपंपांवर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप तपासून घ्या, फुगलेले वा तडकलेले दिसले तर बदला.

एक गोष्ट टेस्ट ड्राइव्हमध्ये अनेकांना खटकते, ती दोष नव्हे. बीएस६ पेट्रोल गाड्यांमध्ये क्लच दाबून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, क्षणभर वरच तरंगतो. उत्सर्जनाच्या नियमांसाठी इंजिन असं बसवलेलं असतं. घाईने वरचा गिअर टाकून क्लच सोडला की धक्का बसतो. उपाय सोपा आहे: वरचा गिअर टाकताना अर्धा क्षण थांबा, आणि अॅक्सिलरेटर क्लचच्या किंचित आधी सोडा. आठवड्यात पायाला सवय होते.

तर तुमच्यासाठी माझा क्रम असा. आधी निऑस टर्बो पाहा, एकच मालक, सगळं रेकॉर्ड, आणि किंमत साडेपाच-सहाच्या आसपास. ती तुमच्या रोजच्या रांगेला, घाटाला आणि मागे बसणाऱ्या आई-वडिलांना एकाच वेळी न्याय देते आणि हातात राखीव पैसे ठेवते. संख्येने त्या कमी आहेत, तेव्हा पुण्यासोबत मुंबई, नाशिक, कोल्हापूरही चाळा. दोन महिन्यांत मनासारखी मिळाली नाही तर २०२१ ते २०२३ मधली स्विफ्ट. आणि मधेच एखादी नीट ठेवलेली रॅपिड टीएसआय पावणेसातच्या आत आली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती उचला.

गाडी घरी आल्यावर सव्वा लाखातलं काम या क्रमाने करा. आधी ब्रेक: पॅड, गरज असेल तर डिस्क, मागच्या ड्रमची सफाई आणि नवं डॉट ४ फ्लुइड. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, जुनं झालं की लांब उतारावर तापून त्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. ते दर दोन वर्षांनी बदलायचं. मग टायर. स्विफ्टचा मूळ १८५/६५ आर१५ असेल तर १९५/६० आर१५ पर्यंत जा, व्यासात एक टक्क्याचाच फरक पडतो. सोळा-सतरा इंची अलॉय घालू नका, मुंबई-गोवा महामार्गावरचा एक खड्डा पातळ टायरासकट रिम वाकवतो. त्यानंतर बुश, लिंक रॉड आणि अलाइनमेंट, मग इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइल. गिअरबॉक्स ऑइल बहुतेक मालक कधीच बदलत नाहीत, नवं घातल्यावर लिव्हर किती हलका होतो ते हाताला लगेच कळतं. क्लच परीक्षेत पास झाला असेल तर त्याला हात लावू नका, ते पैसे तसेच राहू द्या. आणि यातलं ब्रेकचं काम होईपर्यंत कुंभार्ली उतरू नका, तोवर गावाला एसटीने जा.